त्या दोन कुणबिणींना नाव देऊ का?

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"ताई, मी मुलुंडला राहते, फोर्टात नोकरी करते, वय ३६. दोन वर्षं झाली, लोकलमध्ये येता-जाता मोबाईलवर कादंबरी लिहितेय. शनिवारवाड्यातली एक दासी, नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा काळ. दीडशे पानं झालीत. आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवली तर म्हणाले हिरॉइन फारच साधी आहे, तिला तलवार शिकव, पेशव्यांशी लव्ह अँगल टाक. तेही करून बघितलं आणि आता माझी मलाच खोटी वाटते. सासूबाई म्हणतात एवढ्या राण्या पडल्यात, त्यांच्यावर लिही की, मोलकरणीवरचं कोण वाचणार. पण माझी खरी भीती वेगळी आहे. या बायकांबद्दल काहीच सापडत नाही. मला मोडी येत नाही, मी इतिहास शिकलेली नाही, कॉमर्सवाली आहे. मग हे सगळे मनाचे मांडेच ना? मला हे लिहायचा हक्क आहे का? सोडून देऊ का? – लोकलमध्ये लिहिणारी"

अगं, ताई म्हटलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करते. सोडू नकोस. हे पहिलं सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको.

तू जोडलेली पानं मी दोनदा वाचली. त्यात तुझी दासी तांदूळ निवडत बसलीये आणि खडे बाहेर फेकायच्या ऐवजी पदराच्या टोकाला बांधून ठेवतेय, कारण कोठीवरच्या माणसाला माप कमी भरलं तर तिला दाखवता यायला पाहिजे की एवढे खडेच होते, मी काही चोरलेलं नाही. हे वाचून मी पान खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. हे तुला कोणी सांगितलं? कुठल्या पुस्तकात मिळालं? मला वाटतं कुठेच नाही, पण ते खरं आहे, कारण जिच्यावर कायम चोरीचा संशय असतो ती बाई असंच करते. आणि पुढच्याच पानावर ती रात्रीच्या अंधारात पागेमागे तलवार फिरवायला शिकते, आणि तिथे ती माझ्या हातातून सुटली ती सुटलीच. पदरात खडे बांधणारी कुठे गेली तेच कळेना.

तुझी अडचण खरं तर एवढीच आहे. तुला कोणीतरी पटवून दिलंय की ती बाई आहे तेवढी पुरत नाही. मला ती पुरते, आणि का पुरते ते सांगते.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस, दुपारची वेळ. गारदी वाड्यात घुसले, अठरा वर्षांचे नारायणराव पळत सुटले, काकांना जाऊन मिठी मारली, पुढचं सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ‘काका मला वाचवा’ पाठ आहे, ‘ध’ चा ‘मा’ पाठ आहे, रामशास्त्री पाठ आहेत. नारायणरावांच्या अंगावर आडवा पडलेला त्यांचा सेवक चाफाजी टिळेकर, त्याचंही नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या अर्ध्या तासात वाड्यात एकूण अकरा माणसं मारली गेली असं इतिहासकार सांगतात, आणि त्या यादीच्या शेवटी येतं की दोन दासी. एक गायही मेली, तिचीसुद्धा आठवण लोकांनी ठेवली कारण गोहत्या झाली. त्या दोघी कोण होत्या, कुठल्या खोलीत होत्या, पळत होत्या की कोणाला तरी पाठीशी घालत होत्या की नुसत्या वाटेत आल्या, काही नाही. अर्धी ओळ.

तू पत्रात लिहिलंयस की तुला काहीच सापडत नाही, पण तुला ही अर्धी ओळ सापडलेली आहे, तुझी अख्खी कादंबरी तिच्यावरच उभी आहे! आता त्या ओळीला तलवार लावून ती मोठी होणार नाही. आहे तेवढीच धर आणि आत शिर.

आत शिरायचं म्हणजे आधी ती बाई वाड्यात आलीच कशी ते बघायचं. तू तिला ‘गरीब घरातली, नोकरीला लागलेली’ असं केलंयस. तिथेच गडबड आहे. पेशवाईतल्या कागदात ‘कुणबीण’ हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ कुणबी जातीची बाई असा घेऊ नकोस, तिथे तो बहुतेकदा विकत घेतलेल्या किंवा सरकारजमा झालेल्या गुलाम बाईसाठी येतो. बटीक म्हण. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या असायच्या, लढाईत, लुटीत धरून आणलेल्या असायच्या, आणि तिसरा प्रकार ज्याच्यावर माझी तर झोप उडाली होती, बदअमलाचा ठपका ठेवलेल्या बायका. म्हणजे गावात एखादीवर शिंदळकीचा, व्यभिचाराचा, आरोप झाला, सरकारात तो शाबीत धरला, की शिक्षा म्हणून तिलाच सरकारची कुणबीण करून टाकायचे. मग ती कोठीवर, पागेकडे, किल्ल्यावर जिथे लावतील तिथे दळायला, कांडायला, झाडलोटीला. शिधा आणि वर्षाची लुगडी, पगार नाही. मोकळीक मिळाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणजे म्हातारी झाली, काम होईना म्हणून सोडली, किंवा नातेवाइकांनी बदली दुसरी बाई आणून दिली म्हणून सोडली. बदली दुसरी बाई! या एका नोंदीवर कोणी अख्खी कादंबरी लिहिली तर मी पहिल्या दिवशी जाऊन विकत घेईन, ती दुसरी कोण होती, तिला सांगितलं होतं का की तू कोणाच्या जागी चाललीयेस.

तर तुझ्या दासीला राजीनामा देऊन घरी जाता येत नाही. हे एक बदललंस की तुझं निम्मं पुस्तक आपोआप बदलेल बघ. ती उठते कशी, नजर कुठे ठेवते, कोणाच्या पायांचा आवाज ओळखते, सगळंच.

आणि लव्ह अँगल. इथे मी जरा कडक बोलणार आहे कारण मला ते मनापासून लागलं. जिला विकत आणलंय तिच्या ‘हो’ ला काय अर्थ असतो गं? तिला ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, म्हटलं तर उद्या ती कुठे असेल? वाड्यांमध्ये नाटकशाळा, म्हणजे ठेवलेल्या नाचगाण्याच्या बायका, होत्या, कुणबिणींना झालेली मुलं होती, त्यांना लेकावळे म्हणायचे, हे सगळं होतंच आणि त्यावर लिहायलाच पाहिजे, पण चांदणं, कारंजं आणि त्यांच्या डोळ्यांत हरवलेली ती, असं लिहिलंस तर जे तिच्यावर झालं ते तू गोड करून वाचकाच्या पानात वाढतेयस. मला माहितीये तुझ्या मनात तसं नव्हतं, ग्रुपने सांगितलं म्हणून केलंस. काढून टाक. त्या जागी मला तिची भीती दे, हिशोब दे, आणि हवं तर तिचं प्रेमही दे, पण ते तिच्यासारख्याच कोणावर तरी असू दे, पागेतल्या पोरावर, नाहीतर सोबत दळणाऱ्या बाईच्या लेकरावर. बाईला जीव लावायला माणूस लागतं, तो पेशवाच असला पाहिजे असं थोडंच आहे.

आता तुझं मोडीचं आणि कॉमर्सचं. तू हे असं लिहिलंयस जसं काही गुन्हा कबूल करतेयस, आणि मी वाचताना म्हटलं अगं हीच तर पाहिजे होती! या बायका बखरीत नाहीत, पोवाड्यात नाहीत, त्या आहेत हिशोबात. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत. अमक्या कुणबिणीस लुगडं, तमकीला शिधा, एवढे पायली धान्य, हिला अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी पाठवली. पेशव्यांचं दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद, त्यात खर्च लिहिताना या बायकांची नावं येतात, कारण खर्च झाला तर कोणावर झाला ते लिहावं लागतं. इतिहास शिकलेला माणूस तहाचा मसुदा शोधत जातो आणि असली पानं उलटून टाकतो. तू नाही उलटणार. तुला लेजर वाचता येतं, तुला कळतं की एखादी नोंद तीन वर्षं दर दिवाळीला येते आणि चौथ्या वर्षी येत नाही तेव्हा काहीतरी झालेलं असतं. मेली, विकली, सुटली, पळाली. त्या न आलेल्या नोंदीतच तुझी गोष्ट आहे.

मोडी नाही येत तरी सुरुवात अडत नाही. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्या दफ्तरातले निवडक कागद १९३० पासून पुढच्या चार वर्षांत पंचेचाळीस खंडांत छापले, ते बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत आहेत, तुला-मला वाचता येतात. राजवाड्यांनी गोळा केलेली मराठ्यांच्या इतिहासाची साधनं आहेत, त्याचे बावीस खंड. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जाऊन विचार, लाजू नकोस, शनिवारी अर्धा दिवस काढ. आणि तू तर फोर्टात आहेस! काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, १८२१ पासूनचं, तुझ्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत चालत जाशील. खून झाला तेव्हा इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यातच होता आणि तो इथल्या मुंबईच्या कंपनी सरकारला कळवत होता, म्हणजे ती बातमी घाट उतरून तुझ्या याच फोर्टात आली होती. मला ही गोष्ट फार आवडते. मोडीचे छोटे वर्गही भरतात, पुढे जमेल तेव्हा कर, अक्षरं बसायला काही आठवडे पुरतात, सराव मात्र खूप लागतो. पण त्याच्यासाठी थांबून राहू नकोस, नाहीतर आधी मोडी मग पुस्तक असं म्हणत दहा वर्षं जातात. बघितलेत मी असे लोक.

अजून एक कर. एखाद्या रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला जा आणि शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजाने आत जायच्या आधी त्याला बाहेरून वळसा घालून दक्षिणेकडे ये. तिथे एक दरवाजा आहे, जांभूळ दरवाजा. दासी, नाटकशाळा यांची ये-जा त्या बाजूने असायची असं सांगतात. पुढे नारायणरावांचा देह तिथूनच बाहेर काढला म्हणून त्याचं नाव नारायण दरवाजा पडलं. बायका वर्षानुवर्षं जिथून आल्या-गेल्या त्याला नाव मिळालं ते एका दिवसाच्या प्रेताचं. मला त्या पोराबद्दलही वाईट वाटतं हं, अठरा वर्षांचा होता, पण तू तिथे उभी राहा जरा वेळ. आत गेलीस की इमारती काही उरलेल्या नाहीत, १८२८ च्या आगीत गेल्या, नुसती दगडी जोती आहेत, पण त्यांचा एक फायदा आहे, त्यावर चालून अंतरं मोजता येतात. मुदपाकखाना, म्हणजे स्वयंपाकघर, इथे धरला तर तिथपर्यंत किती पावलं, हातात घागर असली तर किती. तुझ्या कादंबरीत ती दोन ओळींत वाड्याच्या या टोकाहून त्या टोकाला पोचते, आणि ती काय उडत गेली का?

सासूबाई म्हणतात राण्यांवर लिही. त्यांना सांग की राण्यांचंसुद्धा आपल्याला कुठे माहितीये. नारायणरावांची बायको गंगाबाई, नवरा गेला तेव्हा पोटुशी होती, तिला पुरंदरावर नेऊन ठेवली, १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव झाले, सगळ्या बारभाईंचं राजकारण तिच्या पोटावर टांगलेलं होतं, आणि १७७७ मध्ये ती गेलीसुद्धा. किती जणांना तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो? बाळंतपण कोणी केलं, ती सुईण कोण? मुलगी झाली असती तर काय करायचं ठरलं होतं आणि ते त्या सुईणीला माहीत होतं का? किंवा साताऱ्याची विरूबाई घे. शाहू महाराजांकडे दासी म्हणून आलेली, सकवारबाई आणि सगुणाबाई दोन राण्या असताना महाराजांची सगळी खासगी हिच्या हातात, मोठमोठे सरदार तिची मर्जी राखायचे, १७४० मध्ये वारली. म्हणजे दासीच्या हातात सत्ता आल्याचंही उदाहरण आहे. पण विरूबाई एखादीच गं. तुझ्या दासीला विरूबाई करायचा मोह होईल तुला, तो आवर. विरूबाईवर लिहायचं तर वेगळं पुस्तक लिही, सरळ तिचंच.

धाडस कसं दाखवू मग, असं विचारशील. मी तुला पार्वतीबाईंचं सांगते. सदाशिवरावभाऊंची बायको. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते शेवटपर्यंत मानलं नाही, कुंकू पुसलं नाही, त्या १७८३ मध्ये गेल्या. बावीस वर्षं. मध्ये भाऊंचा तोतया निघाला, त्याला १७७६ मध्ये पुण्यात ठार केलं, त्यानंतरही त्यांच्या कपाळावर कुंकू होतंच. आता कल्पना कर की त्यांची वेणीफणी करायला एक दासी आहे. रोज सकाळी तिला कुंकवाचा करंडा पुढे ठेवायचाय. वाड्यातल्या सोवळ्या बायका बघतायत, कुजबुजतायत, उद्या बाईसाहेबांचं मन पालटलं किंवा वरून हुकूम आला तर पहिला दोष हिच्यावर येणार, की तूच रोज पुढे करत होतीस. आणि ती तरी ठेवते. आज ठेवते, उद्या ठेवते, बावीस वर्षं ठेवते. केस पांढरे होत जातात ते तिच्याच हाताला कळतात. मला हे तलवारीपेक्षा जास्त धाडसाचं वाटतं, आणि असं काही घडलंच नसेल असं कोण म्हणेल, करंडा कोणीतरी ठेवत असणारच ना. खुनाच्या दिवशी नारायणराव आधी पार्वतीबाईंच्याच दालनात धावत गेले होते असंही सांगतात. म्हणजे तुझी दासी जर त्या दालनातली असेल तर तिला कट ऐकवायला आनंदीबाईंच्या दाराशी उभी करायची गरजच नाही, गोष्ट स्वतःच धावत तिच्यापर्यंत येते.

आनंदीबाईंवरून आठवलं. तू त्यांना अगदी राक्षसीण केलंयस. त्या अक्षर बदलल्याच्या गोष्टीचा पक्का पुरावा कोणाकडे नाही, लोकांच्या तोंडी ती घट्ट बसलीये इतकंच. एका विसरलेल्या बाईला वर काढायला दुसरीला खाली दाबू नकोस. हे एवढंच, जास्त नाही बोलत त्यावर.

भाषेचं. तुझी दासी टीव्हीवरच्या सिरीयलसारखी ‘जशी आज्ञा सरकार’ बोलते आणि मग मध्येच ‘स्त्रीलाही मन असतं, तिलाही समान अधिकार हवेत’ असं भाषण करते. विचार तिच्या मनात आलाच नसेल असं मी म्हणत नाही. तो तिच्या शब्दांत येऊ दे. ती काय म्हणेल, ‘पायली माजी, अन् माप तुमचं’ असं काही. बायकांचा आवाज कानात बसवायचा असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐक. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. त्या अलीकडच्या बायकांनी गायलेल्या आहेत, पेशवाईतल्या नाहीत हे लक्षात ठेव, पण दळताना दम लागतो तिथे ओळ कशी तुटते ते त्यातूनच कळेल. वाड्यातल्या मोठ्या बायकांचा सूर पाहिजे असेल तर गोपिकाबाईंनी गंगापुराहून नातवाला, सवाई माधवरावांना, रोज कसं वागावं याबद्दल लिहून पाठवलेलं पत्र वाच, त्यातून वाड्यातला दिवस उठल्यापासून कसा जायचा तेही हाताशी येईल.

आणि तिसऱ्या प्रकरणात ती एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते, दाण्याचं कूट आणि बटाटा घालून. अगं ते आपलं मुलुंडचं ताट झालं. टॅपिओकाचा साबुदाणा सेलमकडे बनायला लागला तोच १९४० च्या दशकात, आणि बटाटा, शेंगदाणा घरोघरी उपासाला चालू व्हायला खूप वेळ लागला. वरी घाल, शिंगाडा घाल. काडेपेटीही काढ, विस्तव चुलीत जपून ठेवलेला असतो किंवा शेजारून आणायचा असतो, आणि विस्तव आणायला जाणं ही बायकांची बातम्या द्यायची-घ्यायची जागा असते, बघ तुला एक चूक दुरुस्त करताना एक सीन फुकट मिळाला. वेळ घटकांमध्ये आणि प्रहरांमध्ये मोज. असल्या चुका कोणाच्याही होतात, घाबरायचं नाही, पण एकेक करून निस्तर, कारण वाचकाने बटाटा पकडला की त्याचा खड्यांवरचाही विश्वास उडतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, हक्काचा, ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहितेय.

माझी पणजी एका संस्थानिकाच्या वाड्यात दळणकांडणाला होती. आमच्या घरात तिच्याबद्दल एकच वाक्य शिल्लक आहे, तिचा हात हलका होता. म्हणजे काय, पीठ बारीक यायचं? चोरी करायची? मुलांना मारायची नाही? आता सांगणारं कोणी उरलं नाही. मी लहान असताना आजीला विचारलं असतं तर कळलं असतं, मी नाही विचारलं, मला तेव्हा राणीसाहेबांच्या गोष्टी ऐकायच्या असायच्या. मी हे खूप वर्षं मनात घेऊन फिरतेय. कोणी तिच्यावर लिहिलं, चुकीचं लिहिलं, अगदी नाव बदलून लिहिलं, तरी मी त्याचे पाय धरेन. काहीच न लिहिलेलं मला जास्त लागतं.

आणि इतकं लांब कशाला, आमच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर आहे. परवा कुरिअरची सही करताना सहज चाळलं. पाहुणे आले की नाव, गाडी नंबर, फोन नंबर. आणि रोज सकाळी सातच्या पुढे ओळीने, ‘बाई, ४०२’, ‘बाई, ७०३’, ‘बाई, ११०१’. चौदा बाया, एकीचंही नाव नाही. ११०१ वाल्या माझ्याकडे येतात, नऊ वर्षं झाली. उद्या शंभर वर्षांनी कोणी ते रजिस्टर उघडलं तर त्याला आमच्या बिल्डिंगीतल्या बायकांबद्दल एवढंच सापडेल, आणि तो म्हणेल काहीच सापडत नाही. मी त्या दिवशी वॉचमनकाकांना सांगून नावं लिहायला लावली. दोन दिवस लिहिली, मग परत ‘बाई’. मी परत सांगणारे.

तर दे नाव. त्या दोघींना बिनधास्त नाव दे. फक्त एक पाळ, पुस्तकाच्या शेवटी तुझ्या शब्दांत पानभर लिही की दोन दासी मेल्या एवढं खरं आहे आणि नावं माझी, करंडा माझा, खडे माझे. तारखा, माणसं, जागा यांना धक्का लावू नकोस, आणि ज्यांची नावं सगळ्यांना माहितीयेत त्यांच्या अंगावर पदरचे गुन्हे घालू नकोस, म्हणजे कोणी अंगावर आलं तरी तुला ताठ उभं राहता येईल. लोक बोलतील, पेशव्यांचा अपमान म्हणतील, कोणी उलटं म्हणेल की तू पुरेशी चिडलेली नाहीस. बोलू देत. तुझं पान स्वच्छ असलं म्हणजे झालं.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना एका दुपारी विचार की त्यांच्या आईकडे, आजीकडे कामाला कोण यायचं, तिला काय म्हणायचे, तिला जेवायला कुठे बसवायचे, तिचा कप वेगळा होता का. विचारून बघ फक्त. मला वाटतं त्या तासभर बोलतील, आणि तुला दोन प्रकरणं मिळतील.

पहिली चाळीस पानं ठेव. तलवार आलीये तिथून पुढचं सगळं बाजूला काढ, डिलीट करू नकोस, वेगळ्या फाईलमध्ये टाक. आणि ती दुपार पुन्हा लिहायला घे, पण आधी मला एवढं कळव, गारद्यांचा पहिला आरडाओरडा ऐकू आला तेव्हा तिच्या हातात काय होतं, आणि ते तिने खाली ठेवलं का.

– तुझी ताई